बुडाशी दोन हात

खान्देशात बोट पाण्याबाहेर काढावी लागत नाही. पाणीच बोटीखालून निघून जातं. कोकणात मोठ्या भरतीची वेळ साधतात, ओंडके अंथरतात, अख्खी आळी दोराला लागते, तेव्हा कुठे होडी किनाऱ्यावर चढते. आमच्याकडे हे काम पाटबंधारे खातं परस्पर करून टाकतं. रब्बीचं पहिलं आवर्तन सुटलं की बोटीचं नाक चिखलात रुततं. दुसरं सुटलं की ती एका कुशीवर कलते. आणि चैत्रात जाऊन बघावं, तर बोट बाभळीला बांधलेली तशीच असते, दोर तोच, गाठ तीच, फक्त पाणी दोन शेतं ओलांडून पलीकडे गेलेलं असतं. मधल्या गाळात कुणीतरी टरबूज लावून मोकळाही झालेला असतो. त्यामुळे बोटीच्या बुडाला रंग कधी द्यायचा, हा प्रश्न आमच्याकडे कोणाला पडत नाही. पडतात ते बाकीचे सगळे.

'जळगाव-धुळ्याला बोटी?' असं म्हणून पुण्याचे पाहुणे हसतात. आमच्याविषयी त्यांच्या डोक्यात केळी, सोनं, भरीत आणि ऊन अशा चार गोष्टी असतात, आणि खरं सांगायचं तर पाचवी घालायचा आम्हीही कधी फारसा प्रयत्न केला नाही. पण तापी ही काही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओलांडायची नदी नव्हे. मध्य प्रदेशात मुलताईला निघायचं आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे पळत सुटायचं, हा तिचा स्वभाव. चांगदेवला तिला पूर्णा मिळते आणि खाली हतनूरच्या धरणामुळे संगमावर पाणी फुगतं. ज्या चांगदेवांना भेटायला माउली भिंतीवर बसून निघाली, त्यांच्याच नावाच्या गावी पलीकडच्या तीराला जायचं तर आपल्याला मात्र नाव लागते. धुळे जिल्ह्यात मुडावदला पांझरा तापीला मिळते, पुढे सुलवाड्याचं बॅरेज आहे, आणि जिथे बॅरेज तिथे साठा, जिथे साठा तिथे मासे, आणि जिथे मासे तिथे ठेका. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळं झालं, त्याआधी नर्मदेचा काठही आमच्याच जिल्ह्यात होता. तिकडे अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर आजही दवाखाना पाण्यावरून तरंगत येतो. तिथे बोट ही हौस नाही आणि विनोदाचा विषयही नाही, म्हणून मी आपला सातपुड्याच्या अलीकडेच थांबतो.

शिवाय तापी शेवटी जाते कुठे? सुरतेला. त्याच सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचे जहाजबांधणीतले सुतार १७३६ साली मुंबईला गेले आणि १७५० साली मुंबईत त्यांच्या हातून सुकी गोदी उभी राहिली. आशिया खंडातली पहिली, असं तिचं कौतुक सांगतात. सुकी गोदी म्हणजे काय, तर जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आणि खाली उतरून जहाजाच्या बुडाची डागडुजी करायची. आम्हा खान्देशकरांना यात काही नवल वाटत नाही. आमच्याकडे अख्खं धरणच सुक्या गोदीचं काम करतं, आणि दारं म्हणाल तर एकट्या हतनूरला ४१ आहेत.

आता आमच्या धाकट्या शालकांकडे वळतो. त्यांनी एका लहानशा धरणाचा मासेमारीचा ठेका घेतला. त्याआधी त्यांनी जिनिंगमध्ये भागी केली होती, त्याआधी ठिबकच्या नळ्यांची एजन्सी घेतली होती, त्यामुळे घरात कोणी फार चकित झालं नाही. मासे पकडायला थर्मोकोलचे तराफे आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबा पुरतात, असं भोई मंडळींनी त्यांना सांगितलं. पण शालकांना बोट हवी होती. ती त्यांनी कोकणातून आणली. जुनी, फायबरची, वीसेक फूट लांब. ट्रकवर आडवी टाकून ती कसारा चढली, चांदवडचा घाट उतरली आणि धुळ्याला आली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, म्हणून तिथे काय काय बघायला मिळतं याला मर्यादा नाही. तरी त्या दिवशी चहाच्या टपरीवरची माणसं पेले हातात घेऊन रस्त्यावर आली. बोट कुठे चालली, या प्रश्नाला ड्रायव्हरने 'जळगावला' असं उत्तर दिलं, तेव्हा विचारणाऱ्याने चहा संपवला आणि पुन्हा एकदा तोच प्रश्न विचारला.

पहिला हंगाम बरा गेला. पाणी उतरलं, बोट उघडी पडली, आणि दहा-बारा माणसांनी हातभार लावून ती उलटी घातली, तेव्हा तिचं बूड प्रथमच चारचौघांत आलं.

त्यावर तीन थर होते. सगळ्यात वर आमच्या धरणाचं शेवाळ, वाळून पापुद्रे सुटलेलं. त्याखाली आमच्या कठीण पाण्याचा पांढरा क्षार, बादलीच्या आत बसतो तो. आणि त्याखाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना, बोरीच्या आठळीएवढे टोकदार शंकू, एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसलेले, दगडासारखे टणक. पोरांनी ते खुरप्याने उपटून बघितले. शंकू फुटला, पण त्याची बैठक काही निघेना. हे बार्नेकल, समुद्रातले. खेकडा-कोळंबीच्या गोतातला हा प्राणी. लहानपणी समुद्रात मोकळा फिरतो, मग एक दिवस एखादी जागा पसंत करून तिथे डोकं टेकतो, स्वतःच्या अंगातल्या सिमेंटने ते कायमचं चिकटवतो, भोवती घर बांधतो आणि उरलेलं आयुष्य पाय हलवत येईल ते खाऊन काढतो. चार्ल्स डार्विनने या एका जिवाच्या अभ्यासात आठ वर्षं घातली. आमचे शालक वळणावर बसलेल्या दोन-तीन मंडळींकडे बघून म्हणाले, 'डार्विनला इतकं लांब जायची गरज नव्हती.'

गोड्या पाण्यात बार्नेकल जगत नाहीत. आमच्या धरणात आल्या आल्या ते मेले असणार. पण घर सोडून कोणी जात नाही म्हणतात, तसे मेल्यावरही तिथेच बसून होते. तेव्हा पहिलं काम खरवडण्याचं. त्याला माणसं मिळेनात. घराच्या भिंती खरवडायला, विहिरीतला गाळ काढायला, अगदी जुन्या ट्रॉलीचा गंज घासायला माणूस मिळतो. पण 'बोटीचं बूड खरवडायचं आहे' म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि हसून झाल्यावर दीडपट मजुरी सांगतो.

आणि मग सल्लागार आले.

खान्देशात माणूस रस्त्याच्या कडेला नुसता खाली बसला तरी चौघे थांबतात. इथे तर माळावर वीस फुटांची बोट उलटी पडलेली. पलीकडून जाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला गाडी स्टँडला लावून येई. संवाद ठरलेला.

'हाई काय से भो?'

'बोट से.'

'मंग उलटी काबर से?'

यावर काय उत्तर द्यायचं? शालक पहिल्या दिवशी समजावून सांगत. दुसऱ्या दिवसापासून 'वाळत घातली से' असं सांगू लागले, आणि ते उत्तर लोकांना अधिक पटलं.

सल्ला देणाऱ्यांमध्ये पहिला मान भुसावळच्या काकांचा. रेल्वेतून निवृत्त. भुसावळला विजेच्या इंजिनांचा कारखाना आहे, ठरावीक मुदतीनंतर इंजिन तिथे येतं, त्याचं हाड न् हाड सुटं होतं आणि रंगरंगोटी होऊन ते नव्यासारखं बाहेर पडतं. त्याला 'पीओएच' म्हणतात. भुसावळकर हा शब्द इतक्या सहज वापरतात की, सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी 'पीओएच करून आले' असंच सांगतात. काकांनी बोटीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, बुडावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाले, 'शेड्यूल कुठंय?' बोटीला शेड्यूल नाही हे ऐकून ते खुर्ची मागवून बसले, ते संध्याकाळपर्यंत.

मात्र टकटक करण्यात अर्थ होता. दोन-तीन ठिकाणी आवाज बद्द आला. तिथे बघितलं तर फोड. फायबरच्या बोटीला वरून चकचकीत कातडी असते, ती पाण्यात राहून राहून आत थोडंथोडं पाणी शिरू देते. ते पाणी आतल्या रसायनात मिसळतं, जागा मागतं आणि फोड येतो. पत्तीच्या टोकाने एक फोडला, तर आतून चिकट पाणी ओघळलं आणि शिर्क्याचा आंबट वास आला. तेव्हा नुसता रंग मारून भागणार नव्हतं. फोड उघडायचे, धुवायचे, कडकडीत वाळू द्यायचे, रेझिन आणि काचेच्या धाग्यांची मॅट लावून भरायचे, मग घासायचं, मग लांबी, मग अस्तर, मग रंगाचे हात. वाळवायला आमच्या उन्हाइतकं स्वस्त साधन जगात नाही. नंतरच्या कामाला मात्र तेच ऊन वैरी झालं.

रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर घालतात, शंभराला एक-दोन भाग. हवा जितकी गरम तितकं ते लवकर गोठतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. आमची उलटी बोट म्हणजे चुलीवरचं मांड्यांचं खापर झालं होतं. पहिल्या दिवशी कारागिराने सकाळी दहाला डबा कालवला, ब्रश बुडवला, एक पट्टा ओढला, तंबाखू मळायला थांबला आणि परत ब्रश उचलला तर डबाही बरोबर उचलला गेला. ब्रश, डबा आणि रेझिन यांचं एकच शिल्प झालं होतं आणि त्यातून धूर निघत होता. भुसावळचे काका म्हणाले, 'रिजेक्ट.' ते शिल्प पुढे कित्येक दिवस शालकांच्या ओट्यावर दाराला टेकण म्हणून होतं. त्यानंतर काम पहाटे पाच ते आठ एवढंच चाले, हार्डनर औषधाच्या टोपणाने मोजून घालत, आणि आठनंतर सगळे बाभळीखाली बसून त्याच कामाची चर्चा करत. कामापेक्षा चर्चेला वेळ अधिक मिळाला, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

मधे आखाजी आली. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि पुरुषमंडळी पत्त्यांना बसतात. कारागीर आठ दिवस दिसला नाही. नवव्या दिवशी आला तो पायी. मोटारसायकलचं विचारू नका म्हणाला.

रंग कोणता द्यायचा, ही खरी लढाई. समुद्रात बुडाला साधा रंग चालत नाही. विषारी लागतो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातली आरमारं लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकायची, कारण तांब्यावर असले जीव बसायला धजत नाहीत आणि लाकूड पोखरणारा किडाही आत शिरत नाही. पुढे पत्र्याऐवजी रंगातच तांब्याचं ऑक्साइड घालू लागले. ते लाल असतं. जगभरच्या जहाजांची बुडं लाल दिसतात त्याचं मूळ हेच. मध्यंतरी त्याहून जहाल असं एक कथलाचं संयुग निघालं होतं. बुडं आरशासारखी राहायची, पण समुद्रातल्या शंखांच्या माद्यांना नरांचे अवयव फुटायला लागले, तेव्हा कुठे जगाला जाग आली आणि २००८ सालापासून आंतरराष्ट्रीय कराराने जहाजांना ते लावणं बंद झालं.

ही माहिती शालकांनी बाभळीखाली सांगितली आणि तिथे हजर असलेल्या कृषी केंद्राच्या मालकांचे डोळे चमकले. 'तांबंच पाहिजे ना? मग मुंबईहून रंग कशाला मागवता? मोरचूद आहे आपल्याकडे. चुना टाका, बोर्डो पेस्ट करा, द्या फासून. मोसंबीच्या बुंध्याला लावतो तसं.' वर म्हणाले, 'डिंक्या रोग पण होणार नाही.' बोटीला डिंक्या होतो का, हे कोणी विचारलं नाही. त्यांच्या दुकानात सगळ्यांची उधारी होती.

शेवटी तांबं नको असं ठरलं, आणि ते ठरवलं शालकांच्या बायकोने. ती म्हणाली, 'त्याच पाण्यात तुम्ही मासे सोडता, तेच पाणी खालच्या गावांच्या नळाला येतं, आणि त्यात तुम्ही विष फासलेली बोट फिरवणार?' जळगाव शहर वाघूर धरणाचं पाणी पितं, धुळ्याला तापीचं आणि नकाण्या-डेडरगावच्या तलावांचं येतं. आमच्याकडे जे पाणी बोटीखाली असतं तेच पुढे तांब्यात येतं. आणि तांबं माशांना फार लवकर बाधतं. शेवाळ काय, हंगामाच्या शेवटी खराट्यानेही निघतं. हा एवढा सरळ विचार दहा पुरुषांच्या बैठकीत आठ दिवसांत कोणाला सुचला नव्हता. मीही त्या दहांत होतो.

विष नको म्हटल्यावर रंगाचा प्रश्न सुटायला हवा होता, पण तो तिथेच खऱ्या अर्थाने पेटला. भगवा द्यावा तर एक गट खूश आणि तीन नाराज. हिरव्याचं तेच, निळ्याचं तेच. लाल म्हणावा तर जुने कॉम्रेड आनंदाने चहा पाजायला तयार. पांढरा अपशकुनी, काळा उन्हात तापतो. 'अहो, पण हे पाण्याखाली जाणार आहे!' असं मी एकदा कळवळून म्हणालो. त्यावर एकाने मला बाजूला घेऊन समजावलं, 'सर, पाण्याखाली चार महिने. उरलेले आठ महिने हे रोडवरून दिसतं.'

आणि ते खरं होतं. इथेच खान्देशातल्या बोटीचं वेगळेपण आहे. समुद्रावरच्या बोटीची शोभा वरच्या अंगाला असते, कारण लोक तेच बघतात. आमची बोट वर्षातला बराच काळ पालथी असते, आणि लोक बघतात ते तिचं बूड. हे सगळ्यात आधी ओळखलं ते पेंटरने. पेंटर एकेकाळचा बोर्डवाला. फ्लेक्स आले, त्याचं काम गेलं, आता ट्रॉल्यांवर 'आईचा आशीर्वाद' लिहितो, मारुतीला शेंदरी ऑइल पेंट देतो आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतो. त्याच्यापुढे साडेतीन माणूस लांबीचा, घासून गुळगुळीत केलेला, अस्तर मारलेला, दोन्हीकडे डौलदार उतार असलेला कोरा फलक पडलेला होता. त्याचे हात शिवशिवायला लागले.

'यावर काय काढू?'

'काही नाही. नुसता रंग. दोन हात.'

'नुसता?' तो इतका दुखावला की त्याने खिशातली पुडी परत खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी गावातलं एक होतकरू नेतृत्व गाडीतून उतरलं. त्यांचा वाढदिवस जुलैत. बुडाच्या एका बाजूला स्वतःचा हात जोडलेला फोटो, दुसऱ्या बाजूला वरच्या साहेबांचा, मधे कण्यावरून 'अभीष्टचिंतन' आणि खाली शुभेच्छुकांची रांग, असा त्यांचा बेत होता. रंगाचा सगळा खर्च त्यांच्याकडे. शालक जवळजवळ तयार झाले होते. पेंटरने तर मिशा रेखायचा बारीक ब्रशही बाहेर काढला. तेवढ्यात भुसावळचे काका खुर्चीतून म्हणाले, 'पण पाणी आल्यावर साहेब पाण्याखाली जातील. पाऊस बरा झाला तर डायरेक्ट बुडतील.'

शांतता पसरली. नेतृत्वाने बोटीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. कार्यकर्त्यांपैकी एकाने उपाय सुचवला की फोटो काठाच्या वर घ्यावा, म्हणजे पाण्याच्या रेषेवर डोकं राहील. ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं, कारण नेतृत्व काही न बोलता गाडीत बसलं. निवडणूक तोंडावर होती.

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यात असते. त्यांच्याकडे रबरी बोटी. काम झालं, हवा सोडली, घडी घातली. बुडाला रंग नाही, फोड नाही, नेता नाही. शालक एका रात्री फार थकले होते तेव्हा म्हणाले, पुढची बोट रबरीच घेऊ. पण आमच्या धरणांच्या पोटात बुडालेल्या बाभळी आहेत, आणि बाभळीच्या काट्यापुढे रबर किती टिकतं, हे खान्देशात सायकल चालवलेल्या कोणालाही विचारा.

या सगळ्या गदारोळापासून शंभर पावलांवर एक म्हातारे भोई आपली लाकडी नाव घेऊन बसलेले असत. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या बोटीभोवती कधीच गर्दी नव्हती, कारण ते कोणाला काही विचारत नव्हते. एका सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांनी आधी खुरप्याने फळ्या साफ केल्या. मग उपरण्याच्या चिंध्या आणि काथ्या पिळून वाती केल्या आणि फळ्यांमधल्या फटींत जुन्या पटाशीने, दगडाच्या हलक्या ठोक्यांनी, वीतवीत भरत गेले. ठोक्याचा आवाज बदलला की थांबायचे आणि पुढे सरकायचे. तोवर बाभळीच्या निखाऱ्यावर पत्र्याच्या डब्यात डांबर वितळत होतं. त्यांनी काडी बुडवून उचलली. धार सुटून तुटली तेव्हा मानेनेच हं केलं. काठीला गुंडाळलेला फडक्याचा बोळा डांबरात बुडवून त्यांनी एका बाजूने सुरुवात केली ती दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत बोळा थांबला नाही. ऊन फळ्यांवर यायच्या आत काम संपलं. रंग एकच, काळा. त्यावर कोणताही पक्ष नाराज झाला नाही.

मग नाव सावलीत घेऊन त्यांनी तिच्यावर ओली गोणपाटं टाकली. लाकूड उन्हात आक्रसतं, फटी उघडतात. म्हणून ते उन्हाळाभर तिला ओलं ठेवतात. आणि पाणी आल्यावर काय करतात, तर आधी नाव दोन-तीन दिवस काठाजवळ चक्क बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट धरतात, मग पाणी उपसून वल्हं हातात. शालकांना हे माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये आबांची नाव काठाशी बुडालेली बघून ते धावत त्यांच्या झोपडीकडे गेले आणि धीर देऊ लागले. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना चहा दिला.

शेवटी शालकांनी ट्रॅक्टरच्या रंगाचा निळा निवडला. कारण असं की दुकानात त्याचेच पुरेसे डबे होते. पहिला हात पहाटे, दुसरा हात दोन दिवसांनी पहाटे. रंग असा झळकला की हायवेवरच्या लक्झरीचे ड्रायव्हर हॉर्न देऊन जाऊ लागले. पेंटरला अगदीच वाईट वाटू नये म्हणून मागच्या कोपऱ्यात एक लहानसं कमळ काढायची परवानगी दिली होती. ते काढून झाल्यावर त्याचा राजकीय अर्थ लक्षात आला आणि त्याच संध्याकाळी त्याला शेपटी आणि डोळा जोडून मासा करण्यात आला. आजही नीट बघितलं तर तो मासा पाकळ्यांचा आहे हे कळतं.

रंग वाळला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघायला गेलो तर बोट दिसेना. तिच्यावर पाच नऊवारी लुगडी अंथरली होती आणि लुगड्यांवर बिबडे, कुरडया आणि उडदाचे पापड. वस्तीवरच्या बायका सावलीत बसून कावळे हाकत होत्या. वाळवणाला इतकी उंच, स्वच्छ, उतरती, दिवसभर ऊन खाणारी जागा पंचक्रोशीत दुसरी नव्हती. शालक रागावायला पुढे झाले, तर त्यांचीच आई त्यात. 'पावसापर्यंत कोणाच्या बापाचं काय जातं?' असं त्यांनी विचारलं, आणि बाप म्हणजे माझे सासरे शेजारीच पापड उलटत होते. त्या वर्षी बिबड्यांना अजिबात माती लागली नाही. शेळ्यांना वर चढता येईना, निळ्या रंगावरून घसरत होत्या.

पाणी ऑगस्टमध्ये आलं. पहिल्यांदा बाभळीपाशी, मग दोराच्या गाठीपाशी. बारा माणसं लागली, बोट सुलटी झाली, पाण्यावर टेकली आणि ते झळझळीत निळं बूड, मासा, फोडांवरची ठिगळं, दोन हात, आठ दिवसांची चर्चा, सगळं एका क्षणात खाली गेलं. वर राहिला तो बोटीचा उरलेला भाग. त्याकडे वर्षभरात कोणी बघितलंच नव्हतं. काठ खरचटलेले, बाकांचा रंग उडालेला, आत उंदरांनी केलेलं घर आणि कोकणातल्या जुन्या मालकाने लिहिलेल्या नावातली दोनच अक्षरं शिल्लक. काठावर जमलेल्या मंडळींनी बोटीकडे बघितलं आणि एकजण म्हणाला, 'एवढे दिवस काय करी राहिंतात भो तुम्ही?'

तेव्हा वाचकहो, विनंती एवढीच. शालकांचं बजेट बुडातच संपलं आहे. आपल्याकडे दिवाळीच्या रंगकामातून उरलेला ऑइल पेंटचा अर्धा-पाऊण डबा असेल, झाकण उघडत असेल आणि आतली साय फार जाड झाली नसेल, तर जरूर पाठवा. बोटीचा वरचा भाग रंगवायचा आहे. रंग कोणताही चालेल. फक्त भगवा, हिरवा, निळा, लाल, पांढरा आणि काळा सोडून.